शेवटच्या सुरावर बोललेला माणूस

दातांचे डॉक्टर हल्ली ही गोष्ट भेटेल त्याला स्वतःच सांगत सुटतात, वर स्वतःचीच टर उडवतात, म्हणून ती आपणही सांगायला हरकत नाही. पूर्वी त्यांच्याबद्दल असं काही बोलायची कुणाची छाती नव्हती. गाण्यातलं त्यांना फार कळतं असा सगळ्यांचा समज होता, आणि सगळ्यांत पक्का समज खुद्द डॉक्टरांचा होता.

गाणं ऐकणाऱ्या चार टाळक्यांचं एक मंडळ होतं. छापखान्याचे मालक आप्पा, एक वकीलबाई, भूमिती शिकवून निवृत्त झालेले मास्तर आणि डॉक्टर. आपण सध्या काय ऐकतोय ते रोज सकाळी फोनवरच्या ग्रुपवर प्रत्येकाने लिहायचं, आणि महिन्यातून एका रविवारी छापखान्यामागच्या खोलीत जमून एकमेकांना ऐकवायचं, असा शिरस्ता होता. त्या खोलीत कागदाची रिमं पार छताला टेकलेली. आवाज कुठे आपटायचा नाही की घुमायचा नाही, जसा निघाला तसा कानात येऊन बसायचा. शाईचा वास तेवढा सोसावा लागे.

आप्पा मोकळेपणाने लिहीत, "आज काही नाही. मशीनचा पट्टा तुटलाय, त्याचंच रडगाणं ऐकतोय." वकीलबाईंचं बहुतेक वेळा असे, "कालचंच परत." डॉक्टरांचा निरोप मात्र वाचायला चष्मा पुसून घ्यावा लागे. "पहाटे पूरिया. ध्वनिमुद्रण जुनं, सदोष. पण विलंबितातली ती एक मींड! अंगावर काटा आला." आता पूरिया हा संध्याकाळचा राग, तो पहाटे ऐकायचा कशाला, असं विचारायचं धाडस मास्तरांनी एकदाच केलं. "अभ्यासासाठी," असं उत्तर आलं. खरं सांगायचं तर डॉक्टरांनी पहाटे रेकॉर्डिंग लावलं होतं आणि तंबोरे जुळेपर्यंत पुन्हा झोपले होते. अंगावर काटा आला होता तो पंख्याने.

मंडळाने त्यांचं नाव कानसेन ठेवलं होतं. थट्टेनेच ठेवलेलं, पण डॉक्टरांनी ते पदवीसारखं मिरवलं. दवाखान्यातही दिवसभर गाणं लावलेलं असे, आणि खुर्चीत आडवं पडलेल्या माणसाला ते एकेक जागा समजावून सांगत. तोंडात आरसा आणि नळी असलेला श्रोता वाद घालत नाही, हा त्यात मोठा फायदा होता.

तर अशा या कानसेनांना गेल्या वर्ष-दोन वर्षांत एक गोष्ट खटकायला लागली. गाणं मऊ पडत चाललं होतं. तंबोऱ्यातला तो झणकारा कुठे गेला? सतार गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखी का येते? त्यांनी निदान केलं की हल्लीची यंत्रंच भिकार. घरातले स्पीकर बदलले. मग आप्पांच्या खोलीतल्या स्पीकरवर घसरले. "आप्पा, तुमच्या या खोक्यांना वरचा आवाजच नाही हो!" आप्पांनी आधी वायरी बदलल्या, मग खोकी बदलली. नवीन खोक्यांनी वकीलबाईंचे कान दुखायला लागले, तरी डॉक्टर म्हणाले, "सुधारणा आहे. किंचित."

डॉक्टरीणबाई बालवाडी चालवायच्या. नवऱ्याला न कळत नवऱ्याला वळण कसं लावायचं, हे त्या तिथेच शिकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, एकदा कान दाखवून घ्या ना."

"माझे? अगं, तू तोंडातल्या तोंडात बोलतेस त्याला मी काय करू?"

"मी तोंडातल्या तोंडात बोलते? चाळीस पोरं माझ्या एका आवाजात जागेवर बसतात."

"त्यांचे कान लहान आहेत," डॉक्टर म्हणाले. या वाक्याचा अर्थ काय, हे त्यांना आजतागायत सांगता आलेलं नाही.

त्या सुमाराला आप्पांची सून मंडळात येऊन बसू लागली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. दुकान बंद करून आली की दाराजवळच्या स्टुलावर बसायची आणि एक अक्षर बोलायची नाही. ग्रुपवर ती जे लिही ते आपलं दोन शब्दांत, "व्हायोलिन. सुंदर." सगळे तिला सूनबाईच म्हणत. ती स्वतः व्हायोलिन वाजवते हे कुणाला माहीतच नव्हतं. आप्पांना माहीत होतं, पण सुनेने शपथ घातली होती. शेवटी एका रविवारी त्यांच्याच्याने राहवलं नाही. "आज रेकॉर्डिंग नको," ते म्हणाले, "आज सूनबाई वाजवतील." सून लाजून लाल झाली. पण उठली, आणि वाद्याची पेटी घेऊन आली.

आप्पांनी फोन रिमांच्या थप्पीवर उभा केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

ती छान वाजवत होती. डॉक्टरांनाही ते कळलं. खालच्या सुरांत तिचा गज असा काही फिरत होता की त्यांनी दोनदा मान डोलावली. कानसेनांची मान दोनदा डोलली, ही त्या खोलीत मोठी गोष्ट होती. मग ती हळूहळू वर चढली. जसजशी वर गेली तसतसा डॉक्टरांना तिचा आवाज पातळ झाल्यासारखा वाटला, मग विरला, मग काहीच नाही. तिचा हात अजून हलत होता, पण डॉक्टर तिच्या हाताकडे बघत नव्हते. ते डोळे मिटून होते, कारण जाणकार डोळे मिटून ऐकतो असा त्यांचा नियम होता. खोलीत शांतता पसरली. शांतता लांबली. कुणीच काही बोलेना. बिचाऱ्या पोरीला कुणीतरी दोन शब्द बोलायला हवेत, असं वाटून डॉक्टरांनी डोळे न उघडताच घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली:

"संपलं वाटतं. चांगलं. खालचं अंग चांगलं आहे. पण सूनबाई, वर गेलीस की तुझा जीव जातो. वर काही नाहीच. आणि शेवट? शेवट असा वाऱ्यावर सोडतात का? वादक थांबला की रॉकेल संपलं, हेच कळेना!"

डोळे उघडले तेव्हा सूनबाईचा गज तारेवरच होता, जिथल्या तिथे गोठलेला. वकीलबाई तोंडावर हात धरून बसल्या होत्या. मास्तर छताकडे बघत होते. झालं होतं असं, की शेवटचा सूर, अगदी वरचा षड्ज, ती इतक्या नाजूक गजाने धरून होती की बाकीच्यांनी श्वास रोखले होते. आणि तो सूर चालू असतानाच डॉक्टर त्याच्यावर चालून गेले होते.

पण कानसेनांना ऐकू आलं नसेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सगळ्यांना वाटलं, यांना तो सूर इतका टाकाऊ वाटला की संपेपर्यंत थांबवलंही नाही. सूनबाईने वाद्य पेटीत ठेवलं आणि म्हणाली, "बरोबर आहे काका."

त्या दिवशी डॉक्टरीणबाईही ऐकायला आल्या होत्या. परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, ती अजून वाजवत होती."

"म्हणजे काय? मला काय कळत नाही? गज फिरवत होती, वाजवत नव्हती," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी ते रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. डॉक्टरांनी ते ऐकलं नाही, पण त्याखाली अभिप्राय मात्र लिहिला, चांगला लांबलचक, "वरच्या सप्तकातील पोकळपणा" वगैरे शब्द घालून. त्याला पसंतीचा अंगठा द्यायची कुणाची इच्छा झाली नाही. सूनबाईने मात्र दिला. त्यानंतर तिचं ते दोन शब्दांचं लिहिणंही बंद पडलं. पुढच्या बैठकीत आप्पांनी पुन्हा गळ घातली तेव्हा ती वाजवायला बसली, पण वर गेलीच नाही. सगळं खालच्या नि मधल्या सुरांत, नीटनेटकं, इस्त्री केल्यासारखं. डॉक्टर खूश झाले. "याला म्हणतात सुधारणा! बघा आप्पा, वेळेवर कुणीतरी कान उपटले की कसा फरक पडतो." आप्पा रिमांवरची धूळ झटकत राहिले.

डॉक्टरांचं पितळ उघडं पडलं ते दवाखान्यात. दात कोरायचं यंत्र त्यांनी नवीन घेतलं होतं. एका आजींचा दात कोरायचा होता आणि त्या घाबरल्या होत्या. डॉक्टरांनी यंत्र हातात धरून सुरू केलं आणि धीर देत म्हणाले, "बघा आजी, किती शांत आहे! आवाज म्हणून नाही." आजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "शांत? अहो, हे तर मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखं किंचाळतंय!" डॉक्टर हसले, आणि हसता हसता थांबले. त्यांनी ते यंत्र कानाजवळ नेलं. वारा लागला, थरथर लागली, आवाज नाही. बाहेर बसलेल्या माणसांकडे नजर टाकली, तर दोघांनी कान झाकले होते. आजी तेवढ्यात खुर्चीतून उतरून चपला शोधायला लागल्या होत्या.

त्या दिवशी घरी गेल्यावर डॉक्टर आपण होऊन म्हणाले, "तू ते कानांचं काय म्हणत होतीस?"

डॉक्टरीणबाईंनी जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसू दिला नाही. वेळ त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती.

कान तपासणारी मुलगी जेमतेम त्यांच्या लेकीच्या वयाची. तिने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं आणि सांगितलं, "आवाज आला की दाबा." सुरुवातीचे आवाज झकास आले. मग बराच वेळ काहीच येईना, आणि डॉक्टरांना घाम फुटला. परीक्षेत कोरा कागद द्यायची त्यांना सवय नव्हती. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की काचेत त्या मुलीच्या खांद्याचं प्रतिबिंब दिसतंय, आणि आवाज सोडताना तिचा खांदा किंचित हलतो. देवच पावला! खांदा हलला की डॉक्टर बटण दाबायला लागले. धडाधड दाबलं. एकदाही चुकवलं नाही.

मुलीने दार उघडलं. "डॉक्टर, शेवटी मी काही वाजवत नव्हते. मानेला रग लागली म्हणून खांदे हलवत होते."

बाहेर बसलेल्या डॉक्टरीणबाईंना खोकल्याची उबळ आली. तो खोकला नव्हता, हे डॉक्टरांना बहिऱ्या कानांनीही कळलं.

पाठमोरं बसवून तपासणी पुन्हा झाली. कागदावर जी रेघ उमटली ती अर्ध्यापर्यंत माणसासारखी सरळ चालत गेली आणि मग कड्यावरून खाली कोसळली. मुलीने विचारलं, "काम काय करता?" सांगितल्यावर ती म्हणाली, "बरोबर. इतकी वर्षं दात कोरायचं यंत्र कानाशी घेऊन बसताय. वरचे आवाज त्यानेच खाल्ले असणार." डॉक्टर रेघेकडे बघत राहिले. तंबोऱ्याचा झणकारा, सतारीची धार, बायकोची अर्धी वाक्यं, सगळं त्या कड्याखाली पडलं होतं, आणि ते मात्र आप्पांची खोकी बदलत फिरले होते.

कानात मशीनं बसली. पहिले काही दिवस म्हणजे नुसता जाच. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं वाटे. आणि दवाखान्यात ते यंत्र सुरू केल्यावर तर डॉक्टरांनी आजींची मनातल्या मनात क्षमा मागितली. गाणं पत्र्याच्या डब्यात बसून कुणीतरी गातंय असं येई. "कानाला सवय लागेल, घाई करू नका," मुलीने बजावलं होतं. सवय लागत गेली. एका दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं. डॉक्टर ग्रुपवरची जुनी रेकॉर्डिंगं चाळत बसले होते, आणि सूनबाईचं ते पहिलं वादन समोर आलं. त्यांनी ते लावलं.

खालचे सूर आले, ओळखीचे. मग ती वर चढली, आणि आवाज गेला नाही. चढतच राहिला, बारीक होत होत, पण सलग, आणि टोकाला जाऊन थांबला. एवढा नाजूक, की डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. सूर थरथरत होता आणि तुटत नव्हता. डॉक्टरांचे डोळे भरून आले, यावेळी पंखा बंद होता. आणि त्याच क्षणी फोनमधून कुणीतरी खाकरलं, आणि एक जाडाभरडा, आत्मविश्वासाने ओथंबलेला आवाज म्हणाला, "संपलं वाटतं. चांगलं."

डॉक्टर म्हणतात, आयुष्यात त्यांनी पुष्कळ बेसूर ऐकलं, पण एवढं बेसूर नाही. त्या सुरावर तो गडी बोलतच होता. रॉकेल काय, जीव जातो काय! डॉक्टरांना वाटलं, फोनमध्ये हात घालून त्याचं थोबाड फोडावं. मग कुणाचं थोबाड ते आठवलं.

त्यांनी दवाखाना बंद केला आणि थेट औषधांच्या दुकानात गेले. दुकानात गर्दी होती. रांगेत उभं राहून त्यांनी मनात भाषण जुळवलं. नंबर आला तेव्हा सूनबाईने मान वर न करताच विचारलं, "बोला, काय देऊ?"

"माफी," डॉक्टर म्हणाले.

तिने वर पाहिलं. "काका? काय झालं?"

"मला ऐकूच आलं नव्हतं गं. तुझा तो शेवटचा सूर. मी बहिरा होतो. आहे. हे बघ," असं म्हणून त्यांनी मान वळवून कानामागचं मशीन दाखवलं. मागच्या बाईंनीही वाकून पाहिलं. "तू वाजवत होतीस, आणि मला वाटलं संपलं. त्यावर मी अख्खं व्याख्यान झोडलं. तुझी काही चूक नव्हती. तू वर जायचं सोडलंस ते माझ्यामुळे, आणि ते चूक झालं."

त्यांना वाटलं होतं, ती हसेल, किंवा डोळ्यांत पाणी आणेल. दोन्ही झालं नाही. तिने एका गिऱ्हाइकाच्या गोळ्या पिशवीत घातल्या, ती पिशवी दिली, आणि मग हलक्या आवाजात, पण तावातच म्हणाली, "काका, त्या दिवसापासून मी त्या जागेला हात लावलेला नाही. बाबा रोज विचारतात, मी नाही म्हणते. का माहितीये? तो सूर खरंच उतरलेला होता. अगदी केसभर. बाकी सगळे श्वास रोखून बसले होते, आणि मला वाटलं, एकट्या तुम्हालाच तो कळला, म्हणून तुम्ही थांबला नाहीत. मी तुमच्यावर विश्वास ठेवला हो!"

डॉक्टरांनी नुकताच तो सूर डोळ्यांत पाणी आणून ऐकला होता.

"आता ऐकलात ना?" तिने विचारलं. "मग सांगा. उतरलेला होता की नाही?"

इथे जुन्या कानसेनांनी किमान दहा मिनिटं घेतली असती. श्रुतीवर बोलले असते, भुवया आक्रसल्या असत्या. डॉक्टरांच्या जिभेवर "किंचित" हा शब्द आलाही होता. तो त्यांनी गिळला.

"मला नाही कळलं," ते म्हणाले. "मला फार आवडला. उतरलेला होता की चढलेला, देव जाणे."

मागच्या बाई म्हणाल्या, "अहो, आमचा नंबर."

सूनबाई त्यांच्याकडे बघत होती. मग तिला हसू आलं, पहिल्यांदाच. "मशीन काढून तुम्हाला कितपत ऐकू येतं?"

"वरचं? काही नाही. का?"

"गुरुवारी संध्याकाळी छापखान्यात या. मशीन काढून. सूर केसभर उतरतो, कारण तिथे गेलं की मी घाबरते, गज हलका पडतो. मागच्या रांगेपर्यंत तो पोचतच नसणार. मला माझ्या डोळ्यांसमोर एक मागची रांग हवी आहे."

ही सगळी हकिगत डॉक्टरांनी त्याच रात्री ग्रुपवर टाकली: कानांची रेघ, खांद्याचं प्रतिबिंब, रॉकेल, सगळं. वकीलबाईंनी रडेपर्यंत हसणारी तीन तोंडं पाठवली. आप्पांनी लिहिलं, "मग माझ्या खोक्यांचं काय?" मास्तरांनी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. त्यांनी डॉक्टरांना वेगळा निरोप पाठवून, कुणाला सांगू नका या अटीवर, त्या कान तपासणाऱ्या मुलीचा पत्ता मागितला.

आता गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर छापखान्यामागच्या खोलीत जातात. मशीनं काढून डबीत ठेवतात. गजाकडे बघून ते फसवतात हे सूनबाईने पहिल्याच दिवशी ओळखलं, म्हणून त्यांना रिमांच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागतं. ती वर चढत जाते. सूर हरवला की डॉक्टरांनी हात वर करायचा, मग ती पुन्हा तिथून सुरू करते, गज थोडा भरून, न घाबरता. डॉक्टर सूर चांगला की वाईट हे सांगत नाहीत. त्यांना ते कुणी विचारतही नाही.

परवा आप्पा आत डोकावले आणि म्हणाले, "सूनबाई, यांना कोपऱ्यात का उभं केलंय? शिक्षा आहे का?"

"नाही बाबा, काम आहे," ती म्हणाली, आणि तिने गज उचलला.

डॉक्टरांना दोघांपैकी कुणाचंच बोलणं ऐकू आलं नाही. ते समोरच्या रिमावरचं लेबल तिसऱ्यांदा वाचत होते आणि सूर यायची वाट बघत होते. तो आला, वर निघाला, नेहमी हरवायचा ती जागा ओलांडून आणखी थोडा वर गेला. डॉक्टरांचा हात अर्धवट उचललेला होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला.